नफा २३ टक्के की १६? दोन रिपोर्टमधला कॉस्ट ऑफ सेल्सचा फरक कसा शोधायचा

पुण्याच्या नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं एक होलसेल दुकान आहे, त्यांचे अकाउंट्स मी बघते. एप्रिलमध्ये मार्चचा हिशोब घेऊन गेले तर शेठनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले, दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून काढलेले, आणि म्हणाले, "मॅडम, हा आयटमवाइज रिपोर्ट म्हणतोय २३ टक्के सुटले, आणि तुमचं नफा-तोटा पत्रक म्हणतंय १६ पण नाहीत. माझे सात टक्के गेले कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि नुसता कागदावरचा पण नव्हता, कारण त्या २३ टक्क्यांच्या भरवशावर ते मोठ्या गिऱ्हाइकांना पाच-सहा टक्के डिस्काउंट सोडत होते. १६ खरे असतील तर डिस्काउंट दिल्यावर, दुकानाचं भाडं आणि पोरांचे पगार काढल्यावर हातात काय राहणार? म्हणून हा फरक कसा शोधतात ते नीट सांगते. आकडे मी थोडे बदललेत, ओळख पटू नये म्हणून, पण गोष्ट तीच आहे.

आधी हे समजून घ्या की कॉस्ट ऑफ सेल्स, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत, काढायच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. घरातलं उदाहरण घ्या. १ तारखेला डब्यात ५ किलो तूरडाळ होती, मार्केट यार्डातून १० किलो आणली, महिनाअखेर डबा तोलला तर ४ किलो उरली. तर संपली किती? ११ किलो. ही झाली पहिली रीत. दुसरी रीत म्हणजे रोज कुकर लावताना किती डाळ घेतली ते वहीत लिहायचं आणि महिनाअखेर बेरीज करायची. ती बेरीज समजा १० किलो २०० ग्रॅम आली. मग ८०० ग्रॅम कुठं गेली? कीड लागली म्हणून टाकली असेल, शेजारच्या काकूंना वाटीभर दिली असेल, एक दिवस लिहायचं राहिलं असेल, किंवा पिशवीत मुळात १० किलो नसेलच. पहिल्या रीतीला यातलं काहीच कळत नाही, जे उरलं नाही ते सगळं "वापरलं" असं ती धरते. दुसऱ्या रीतीला फक्त कुकरमध्ये गेलेलं दिसतं, बाकीचं तिच्या लेखी घडलेलंच नसतं.

नफा-तोटा पत्रक पहिल्या रीतीनं चालतं. ओपनिंग स्टॉक, त्यात खरेदी मिळवायची, माल आणायचा खर्च मिळवायचा, क्लोजिंग स्टॉक वजा करायचा, उरलं ते विकलेल्या मालाची किंमत. आणि आयटमवाइज प्रॉफिटचा रिपोर्ट दुसऱ्या रीतीनं चालतो, प्रत्येक बिलावर गेलेला नग गुणिले त्या नगाचा खरेदीचा रेट. म्हणजे एक रिपोर्ट सांगतो काय उरलं नाही, दुसरा सांगतो काय विकलं. हे दोन आकडे सारखेच यायला पाहिजेत असं आपल्याला वाटतं, पण ते आपोआप सारखे येत नसतात.

आता नाना पेठेतला मार्च. पत्रकात ओपनिंग स्टॉक १२,४०,०००, खरेदी ८,६०,०००, टेम्पो भाडं आणि हमाली ३४,०००, क्लोजिंग स्टॉक १३,१०,०००. म्हणजे कॉस्ट ऑफ सेल्स ८,२४,०००. आयटमवाइज रिपोर्टमध्ये तोच आकडा ७,५२,०००. फरक ७२,०००. विक्री दोन्हीकडे ९,८०,००० होती, म्हणून एका कागदावर मार्जिन २३.३ टक्के आणि दुसऱ्यावर १५.९.

विक्री दोन्हीकडे सारखी होती हे मी सहज लिहिलं, पण शोधायला बसल्यावर सगळ्यात पहिल्यांदा तेच बघायचं असतं. विक्रीचाच आकडा जमत नसेल तर कॉस्टला हात लावू नका, आधी तारखा बघा, गोडाऊन बघा (एका रिपोर्टमध्ये फक्त दुकान आणि दुसऱ्यात दुकान अधिक गोडाऊन असं फार वेळा होतं), आणि एका रिपोर्टमध्ये जीएसटी धरून आणि दुसऱ्यात सोडून तर नाही ना ते बघा. जीएसटीचं साधं आहे, ज्याचं क्रेडिट मिळतं (म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स विक्रीवर भरायच्या टॅक्समधून वजा करता येतो) तो टॅक्स मालाच्या किमतीत धरायचा नाही, पण कंपोझिशनवाल्याला, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना घेतलेल्या छोट्या व्यापाऱ्याला, क्रेडिट मिळत नाही, त्याच्यासाठी तो किमतीचाच भाग असतो. एवढं बघूनच कित्येकदा निम्मा फरक निघून जातो.

इथं तो गेला नाही. मग मी एक करते, ते मला फार उपयोगी पडतं, फरकाकडे एक आकडा म्हणून बघतच नाही. किंमत म्हणजे नग गुणिले रेट, त्यामुळे फरक एकतर नगांत असतो, नाहीतर रेटमध्ये, नाहीतर नग आणि रेट दोन्हीत न मावणाऱ्या कशात तरी, म्हणजे भाडं, हमाली, वर्षाची स्कीम वगैरे. या क्रमानंच शोधायचं. आणि एक पक्कं लक्षात ठेवा की फरक दोन्ही दिशेनं असतात, काही पत्रकाची किंमत वाढवतात, काही कमी करतात, ते एकमेकांना खातात, म्हणून बरोबर ७२,००० ची एकच एन्ट्री शोधत बसलात तर आठवडा जाईल आणि सापडणार नाही.

नगांपासून सुरू केलं. ३१ मार्चला संध्याकाळी पोरांनी माल मोजला होता आणि सॉफ्टवेअरमधल्या स्टॉकपेक्षा १९,५०० चा माल कमी भरला. काही फुटलेली इंडिकेटर असेंब्ली, काही मिरर, काही सापडलेच नाहीत. तो फरक स्टॉकमध्ये टाकला, क्लोजिंग स्टॉक तेवढा उतरला आणि पत्रकानं १९,५०० मुकाट्यानं कॉस्ट ऑफ सेल्समध्ये घेतले. आयटमवाइज रिपोर्टला काही कळलं नाही कारण त्यांचं बिलच झालेलं नाही. इथं चूक कुणाची नाही, पण ही रक्कम कॉस्ट ऑफ सेल्समध्ये लपून राहते याचं मला फार वाईट वाटतं, कारण मालकाला कधी दिसतच नाही की महिन्याला एवढा माल फुटतोय किंवा जातोय. म्हणून मी तिचं वेगळं लेजर करते. शिवाय हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत फिरवावं लागतं, कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसं आहे, १८ टक्क्यांनी धरलं तर १९,५०० वर अजून ३,५१० गेले.

नगांमध्येच दुसरी गोष्ट सापडली. २९ आणि ३० मार्चला हडपसरच्या एका गॅरेजवाल्याला २८,००० चा माल (खरेदीच्या भावानं) नुसत्या डिलिव्हरी चलनावर, म्हणजे बिल न करता माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर, गेला होता, "लागेल तो ठेवतो, बाकीचा परत देतो" अशा बोलीवर, आणि बिल एप्रिलमध्ये झालं. चलन केलं की स्टॉक उतरतो. म्हणजे मार्चमध्ये माल "उरला नाही", पण विकला पण नाही. पत्रकानं २८,००० खर्चात धरले आणि त्याची विक्री एप्रिलमध्ये. नुसता रिपोर्टांमधला फरक म्हणून हे सोडून देता येणार नाही, सरळ चूक आहे ही, मार्चचा नफा २८,००० नं कमी दिसतोय आणि एप्रिलचा तेवढाच फुगणार. पसंतीवर दिलेला माल जोपर्यंत पसंत होत नाही तोपर्यंत तो आपलाच स्टॉक, फक्त दुसऱ्याच्या जागेत ठेवलेला, तो क्लोजिंगमध्ये यायलाच हवा. (आणि अशा मालाचं बिल जीएसटीत फार तर सहा महिने थांबवता येतं. माल नक्की विकलाय आणि नुसतं बिल करायचा कंटाळा म्हणून चलनावर पाठवला, तर ते चालत नाही, बिल माल निघतानाच व्हायला हवं.) याच्या उलटं पण होतं बरं का, माल आला, रॅकवर लागला, मोजण्यात पण आला आणि कंपनीचं बिल पुढच्या महिन्यात टाकलं, मग क्लोजिंग स्टॉक फुगतो, खरेदी कमी दिसते आणि नफा एकदम सुंदर येतो. सुंदर नफ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून ही चूक जास्त दिवस टिकते.

रेटकडे यायच्या आधी थोडं थांबून एक उदाहरण करते, कारण रेटची गोष्ट बऱ्याच जणांना नीट कळलेली नसते. ब्रेक शूचे १०० सेट ८० नं घेतले, नंतर १०० सेट ९५ नं. एकूण बिलं १७,५०० ची. त्यातले १२० विकले. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, म्हणजे फिफो, तर किंमत १०० गुणिले ८० अधिक २० गुणिले ९५, म्हणजे ९,९००. सरासरी धरली तर रेट ८७.५० पडतो, किंमत १०,५००. माल तोच, बिलं तीच, कॉस्टमध्ये ६०० चा फरक. पण गंमत बघा, फिफोनं उरलेले ८० सेट ७,६०० चे होतात आणि सरासरीनं ७,००० चे, म्हणजे विकलेलं अधिक उरलेलं दोन्हीकडे १७,५०० च येतं. नफा आज जास्त की उद्या जास्त एवढाच प्रश्न. आपल्याकडच्या हिशोबाच्या मानकात, एएस २ मध्ये, या दोन्ही रीती चालतात, शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायची रीत चालत नाही, आणि जी धरली ती दरवर्षी तीच ठेवायची असते.

आता बरीच बिलिंग सॉफ्टवेअर मार्जिन दाखवताना शेवटच्या खरेदीचा रेट घेतात. तसं केलं तर विकलेल्या १२० ची किंमत ११,४०० होते, उरलेल्या ८० ची ७,६००, बेरीज १९,०००. आपण खरेदीच केली होती १७,५०० ची! वरचे १,५०० कुठून आले? कुठूनच नाही. हा रेट गिऱ्हाइकाला भाव सांगायला ठीक आहे, आज माल भरायला गेलो तर काय पडेल ते कळतं, पण तो रिपोर्ट पत्रकाशी कधीच जमणार नाही, किती पण शोधा. म्हणून फरक शोधायच्या आधी दोन्ही रिपोर्ट कुठल्या रेटवर चाललेत ते विचारा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आयटमला व्हॅल्युएशनची, म्हणजे किंमत लावायची, रीत वेगळी लावता येते, आणि मी असे डेटा बघितलेत जिथं अर्धे आयटम सरासरीवर आणि अर्धे शेवटच्या रेटवर होते, कुणी कधी लावले ते कुणालाच माहीत नाही.

रेटमधलाच अजून एक जुना रोग म्हणजे मायनस स्टॉक. माल सकाळी आला आणि लगेच विकला, विक्रीचं बिल झालं, खरेदीचं बिल टाकायला आठ दिवस लागले, तर मधल्या काळात सॉफ्टवेअरकडे तो नग नाहीच, मग ते त्याला शून्य रेट लावतं नाहीतर कुठला तरी जुना. आयटमवाइज रिपोर्टमध्ये एखाद्या वस्तूवर शंभर टक्के नफा दिसला की खुश होऊ नका, तिथं आधी बघा. स्कीमच्या मालाचं पण तसंच, १० वर १ फ्री असेल आणि फ्रीचा नग शून्य रेटनं वेगळा आयटम करून टाकला असेल तर दहाची किंमत जास्त दिसणार आणि अकराव्याची काहीच नाही, खरं तर सगळे पैसे ११ नगांवर वाटायला हवेत.

शेठच्या डेटामध्ये सगळं सरासरीवर होतं, मायनस स्टॉक पण नव्हता. तरी रेटमध्ये ५,५०० निघाले. राजकोटहून आलेल्या बेअरिंगचं फेब्रुवारीचं बिल, ५० नग, रेट ४२० च्या जागी ३१० पडला होता. अकाउंटच्या मुलाला ते ६ एप्रिलला पार्टीचं खातं जमवताना दिसलं आणि त्यानं दुरुस्त केलं, चांगलंच केलं. पण शेठनी आयटमवाइज रिपोर्ट ३ एप्रिललाच छापून घेतला होता आणि माझं पत्रक १० तारखेचं. त्या बेअरिंगचा तेवढाच स्टॉक होता आणि तो सगळा मार्चमध्ये विकला गेला, म्हणून ५० गुणिले ११० असा पूर्ण फरक मार्चच्या कॉस्टमध्ये आला. वेगळ्या दिवशी छापलेले दोन कागद समोरासमोर ठेवायचेच नाहीत, दोन्ही त्याच मिनिटाला परत काढायचे, हे मी आता कुठल्याही क्लायंटकडे गेल्या गेल्या पहिलं करते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, ती बंद करता येत नाही. नाना पेठेतली दुकानं बहुतेक प्रोप्रायटरी नाहीतर भागीदारीतली, त्यांना ती सक्ती नाही, पण टॅलीचं एडिट लॉग चालू ठेवा असं मी हात जोडून सांगते, कारण त्याच्याशिवाय हे ५,५०० मला आयुष्यात सापडले नसते.

आता उरला तिसरा भाग, जो नगातही नाही आणि रेटमध्येही नाही. टेम्पो भाडं आणि हमालीचे ३४,००० पत्रकात थेट आहेत, आयटमवर वाटलेले नाहीत, म्हणून आयटमवाइज रिपोर्टला ते माहीतच नाहीत. ८,७५,००० च्या मूळ खरेदीवर (पत्रकात ती ८,६०,००० का दिसते ते पुढं येतंय) ३४,००० म्हणजे जवळजवळ चार टक्के! विक्रीवर धरलं तर शेठ ज्या मार्जिनवर डिस्काउंट देत होते त्यातले साडेतीन टक्के मुळात ट्रान्सपोर्टवाल्याचे आणि हमालांचे होते. माल आत आणायचा खर्च हा मालाच्या किमतीचाच भाग आहे, मानक पण तेच म्हणतं (गिऱ्हाइकाकडे पोचवायचा खर्च मात्र नाही, तो वेगळा, विक्रीचा). टॅलीमध्ये हा खर्च खरेदीच्या बिलावरच नगानुसार किंवा किमतीनुसार वाटता येतो. कसा वाटायचा हे डोकं वापरून ठरवा, मडगार्डनं टेम्पो भरतो पण किंमत फार नसते, बल्बचा बॉक्स हातात मावतो आणि महाग असतो, सगळं किमतीनं वाटलं तर मडगार्ड उगाच फायद्याचं दिसतं. आणि वाटलं की त्यातला थोडा खर्च न विकलेल्या मालाबरोबर क्लोजिंग स्टॉकमध्ये पण जातो, निदान वर्षअखेर तरी हे करायलाच हवं.

शेवटचा तुकडा उलट्या दिशेचा. एका कंपनीकडून तिमाही टार्गेटच्या स्कीमची १५,००० ची क्रेडिट नोट, म्हणजे आपल्या देण्यातून तेवढे कमी केल्याचा कागद, आली होती, ती खरेदी खात्यात वजा केली, पण कुठल्याच आयटमवर नाही. ८,७५,००० ची खरेदी ८,६०,००० झाली ती अशी. पत्रकाची किंमत त्यामुळे १५,००० नं कमी, आयटमवाइज जिथल्या तिथं.

आता मांडा. आयटमवाइज ७,५२,०००. त्यात भाडं-हमाली ३४,०००, कमी भरलेला माल १९,५००, चलनावरचा माल २८,००० आणि बेअरिंगचे ५,५०० मिळवा, क्रेडिट नोटचे १५,००० वजा करा. ८,२४,०००. जमलं. बँकेचं पासबुक आणि आपलं बँक खातं जमवतो ना, अगदी तसाच कागद करायचा, आणि प्रत्येक ओळीला कुठलं व्हाउचर, कुठली तारीख ते लिहायचं.

यातली प्रत्येक ओळ सारखी नसते, आणि माझ्या मते खरं काम इथं सुरू होतं. बेअरिंगची ओळ रिपोर्ट परत काढला की आपोआप गेली, आयटमवाइज ७,५७,५०० झाला. चलनाची ओळ चूक होती, क्लोजिंग स्टॉक २८,००० नं वाढवून दुरुस्त केली, पत्रक ७,९६,००० वर आलं. राहिले ३८,५००, ते भाडं आणि कमी भरलेला माल मिळवून, स्कीमची क्रेडिट नोट वजा करून, ते चूक नाहीत, ते दोन रिपोर्टांच्या रीतीतले फरक आहेत, ते दर महिन्याला असणार आणि दर महिन्याला लिहून ठेवायचे. खरं मार्जिन निघालं १८.८ टक्के. म्हणजे शेठचा रिपोर्ट चुकीचा होता आणि माझं पत्रक पण चुकीचं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, कारण अकाउंटंटचा कागद नेहमी बरोबर असं काही नसतं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. काही ठिकाणी ७२,००० चा फरक आला की क्लोजिंग स्टॉकचा आकडाच तेवढा वर-खाली करतात, किंवा "स्टॉक ॲडजस्टमेंट" नावाची एक एन्ट्री मारतात आणि झालं, जमलं. टॅलीमध्ये अकाउंट्स आणि इन्व्हेंटरी जोडलेली नसेल तर क्लोजिंग स्टॉक हातानं टाकता येतो, त्यामुळे हे फार सोपं पण आहे. मी नवीन असताना एका ऑफिसमध्ये मला हेच करायला सांगितलं होतं, मी केलं, आणि पुढच्या वर्षी त्याच क्लायंटचा ओपनिंग स्टॉक जमेना तेव्हा तीन दिवस बसून मीच केलेली एन्ट्री मीच शोधली. या वर्षीचा क्लोजिंग स्टॉक पुढच्या वर्षीचा ओपनिंग असतो, त्यामुळे दाबलेला फरक पुढच्या वर्षी उलट्या चिन्हानं परत येतो, आणि तोपर्यंत चलनं रद्दीत गेलेली असतात.

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथं "कॉस्ट ऑफ सेल्स" या शब्दाचाच अर्थ कागदागणिक बदलतो. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ प्रमाणे पत्रक केलं तर त्यात कॉस्ट ऑफ सेल्स अशी ओळच नसते, वापरलेला कच्चा माल, ट्रेडिंगच्या मालाची खरेदी आणि स्टॉकमधला बदल अशा तीन वेगळ्या ओळी असतात, मजुरी पगारात जाते, वीज इतर खर्चात, मशिनचा घसारा घसाऱ्यात. तोच कारखाना बँकेला कॅश क्रेडिटसाठी सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेच्या नमुन्यात भरून द्यायचे आकडे) देतो तेव्हा त्यात मजुरी, वीज, घसारा सगळं धरून कॉस्ट ऑफ सेल्स काढलेली असते. बँकेतून फोन येतो की आकडे जुळत नाहीत. जुळणार कसे, दोन्हीकडे मोजलंय वेगळं. इथं नग आणि रेट तपासत बसू नका, आधी दोन्ही कागदांत कुठले खर्च आत आहेत ते बघा. आणि ज्यांच्याकडे ठरवून दिलेल्या स्टँडर्ड रेटनं किंमत लागते, तिथं खरा खर्च आणि स्टँडर्ड यातला फरक वेगळ्या व्हेरिअन्स खात्यात साठतो, स्टीलचा भाव वर गेला की ते खातं फुगतं, आयटमचा रिपोर्ट मात्र जुन्याच रेटवर शांत बसलेला असतो.

नाना पेठेत आता एवढं बदललंय की महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी उघडी चलनं काढून बघतात, भाडं बिलावरच वाटतात आणि दोन्ही रिपोर्ट एकत्रच छापतात. मोठ्या गिऱ्हाइकांचा डिस्काउंट शेठनी साडेतीनवर आणलाय. मागच्या महिन्याचा फरक ११,८०० आला, त्यातले ९,६०० मोजणीत कमी भरलेल्या मालाचे, यादी आहे. राहिलेले २,२०० क्लच प्लेटच्या एका पेटीचे वाटतायत, उद्या गोडाऊनला जाऊन मोजणार आहे.